उत्तर मध्य मुंबई: 'श्रीमंत' मतदारसंघाचा उलटसुलट हिशेब

वाकोलेकर (धागाकर्ता)

२०२४च्या लोकसभा निकालात मुंबईतली सगळी चर्चा वायव्य मुंबईतल्या ४८ मतांनी खाऊन टाकली. त्या गडबडीत शेजारच्या उत्तर मध्य मुंबईकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. तिथे काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांना ४,४५,५४५ मतं मिळाली आणि भाजपच्या उज्ज्वल निकम यांना ४,२९,०३१. फरक १६,५१४. आधीच्या दोन निवडणुकांत मुंबईतल्या सहाही जागा युतीने घेतल्या होत्या, त्यामुळे २००९नंतर शहरातून लोकसभेत गेलेली ही काँग्रेसची पहिलीच व्यक्ती.

ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे एकच आश्चर्य: "पाली हिल, खार, पार्ले, बीकेसी... एवढा पैसेवाला मतदारसंघ, तो काँग्रेसकडे गेलाच कसा?"

मला या प्रश्नातला 'पैसेवाला' खटकतो. या लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग येतात: विलेपार्ले, चांदिवली, कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व आणि वांद्रे पश्चिम. यातले सधन म्हणावेत असे दोन, फार तर अडीच. पार्ले आणि वांद्रे पश्चिम, आणि चांदिवलीतले टॉवर धरले तर अर्धा. बाकी म्हणजे साकीनाका, असल्फा, कुर्ला, वाकोला, बेहरामपाडा, खेरवाडी. आणि ज्या बीकेसीमुळे (वांद्रे-कुर्ला संकुल, ऑफिसांचा भाग) सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात, तिथे दिवसा लाखभर माणसं असली तरी मतदार औषधापुरते. तिथली सगळी माणसं संध्याकाळी आपापल्या मतदारसंघात परत जातात. जमिनीचा भाव मतदान करत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की इथले निकाल उमेदवाराच्या आधी नकाशा ठरवतो. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत या सहा तुकड्यांची जी मोळी बांधली गेली, तिच्यात कोणता तुकडा किती जोर करतो यावर खासदार ठरतो. २०२४ला निकम पार्ल्यात आणि वांद्रे पश्चिमेत पुढे होते, उरलेल्या चारांत मागे. चार-दोनचा हा निकाल वाटतो त्यापेक्षा चुरशीचा होता, कारण एकट्या पार्ल्याने निकमांना जी आघाडी दिली ती उरलेल्या चारांपैकी कुठल्याही एका भागाला एकट्याने फेडता आली नसती.

जाणकारांनी भर घालावी. पक्षीय धुळवड नको, तिच्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

खवचट

बसतो पॉपकॉर्न घेऊन. 'पक्षीय धुळवड नको' लिहिलेल्या धाग्यावरच शंभरी लवकर भरते असा अनुभव आहे.

---

जुना पार्लेकर

चांगला विषय. पण सुरुवात २००८पासून केलीत तर अर्धी गोष्ट सुटेल.

'उत्तर मध्य मुंबई' हे नाव जुनं आहे, भूगोल मात्र नवा. जुना उत्तर मध्य म्हणजे धारावी, दादरकडचा पट्टा. तिथून १९७७ला मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर निवडून आल्या, १९८०ला जनता पक्षाच्या प्रमिला दंडवते, १९८४ला काँग्रेसचे शरद दिघे. १९८९ला शिवसेनेने विद्याधर गोखल्यांना उभं केलं. संगीत नाटकं लिहिणारा संपादक थेट लोकसभेत! १९९१ला परत दिघे, १९९६ला सेनेचेच पत्रकार नारायण आठवले, १९९८ला रामदास आठवले, १९९९ला मनोहर जोशी. आणि २००४ला लोकसभेचे अध्यक्ष असलेल्या जोशीसरांना एकनाथ गायकवाडांनी हरवलं. तेव्हा ती सगळ्या देशात बातमी झाली होती.

म्हणजे त्या जागेने डावे, समाजवादी, काँग्रेस, सेना, रिपब्लिकन असे सगळे पाहिले. पण आपला पार्ले-वांद्रे पट्टा तेव्हा त्यात नव्हताच. आपण वायव्य मुंबईत होतो. आमचा इतिहास राम जेठमलानी आणि सुनील दत्त यांचा.

१९७७ला जेठमलानींनी इथून ह. रा. गोखल्यांना पाडलं. आणीबाणीत कायदामंत्री असलेला माणूस आणि त्याला पाडणारा वकील. १९८०ला इंदिरा लाट असूनही जेठमलानी टिकले. १९८४ला मात्र सुनील दत्त आले आणि पुढे १९८९, १९९१, १९९९, २००४ असे निवडून येत राहिले. मधल्या दोन निवडणुका, १९९६ आणि १९९८, त्यांनी लढवल्याच नाहीत आणि दोन्ही वेळा सेनेचे मधुकर सरपोतदार जिंकले. १९९९ला दत्त परतले आणि सरपोतदार गेले. २००४ला दत्तांनी संजय निरुपमना हरवलं, जे तेव्हा सेनेत होते (हे आता सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही).

त्यामुळे 'पैसेवाला म्हणजे भाजपचा' हे समीकरण तुमच्या पिढीचं. आम्ही याच पट्ट्यात वीस वर्षं काँग्रेसचा खासदार पाहिलाय.

---

मधुरा_क

@जुना पार्लेकर काका, मस्त प्रतिसाद. यात एक भर, जी मला फार गमतीची वाटते. २००९ची लढत आठवा. काँग्रेसकडून प्रिया दत्त, भाजपकडून महेश जेठमलानी, मनसेकडून शिल्पा सरपोतदार. म्हणजे दत्त, जेठमलानी, सरपोतदार: तीच तीन आडनावं, पुढची पिढी, आणि मतदारसंघाचं नाव तेवढं बदललेलं!

२०२४लाही तेच. एकनाथ गायकवाड जुन्या उत्तर मध्यमधून जिंकले आणि वीस वर्षांनी त्यांची मुलगी त्याच नावाच्या मतदारसंघातून जिंकली. पण धारावी, जिथून वर्षाताई चार वेळा आमदार झाल्या, ती आता दक्षिण मध्यमध्ये आहे. वडिलांचे मतदार एकीकडे, मुलीचे दुसरीकडे. त्यांना खरं तर दक्षिण मध्यच हवा होता, तो वाटाघाटीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेला आणि अनिल देसाई तिथून लढले.

---

आकडेमोड

धागाकर्त्याच्या आणि मधुराताईंच्या प्रतिसादाला धरून पुनर्रचनेनंतरचे निकाल एका जागी देतो.

२००९: प्रिया दत्त ३,१९,३५२, महेश जेठमलानी १,४४,७९७. शिल्पा सरपोतदार १ लाख ३२ हजारांच्या आसपास.

२०१४: पूनम महाजन (भाजप) ४,७८,५३५, प्रिया दत्त २,९१,७६४. फरक १,८६,७७१.

२०१९: पूनम महाजन ४,८६,६७२, प्रिया दत्त ३,५६,६६७. फरक १,३०,००५.

२०२४ वर आलेलंच आहे.

आता हे नीट वाचा. २००९ ते २०१४मध्ये प्रिया दत्तांची मतं फक्त २७-२८ हजारांनी घटली. भाजपची मात्र ३ लाख ३३ हजारांनी वाढली. हा 'काँग्रेसचा मतदार फुटला' वगैरे प्रकार नाही. मनसेची सव्वा लाखाच्या वरची मतं परत युतीकडे आली, आणि जो माणूस पूर्वी घरी बसत होता तो बाहेर पडला. २००९ला इथे मतदान जेमतेम ४० टक्के होतं. २०२४ला ते ५२च्या आसपास गेलं.

---

पक्का_गिरगावकर

२००९ला मनसे नसती तर भाजपच आला असता. मराठी मतं फुटली म्हणून दत्तबाई निघाल्या. हे उघड आहे, त्यात आकडे कशाला.

---

आकडेमोड

@पक्का_गिरगावकर, आकडे यासाठीच. जेठमलानी आणि सरपोतदार यांची बेरीज २ लाख ७७ हजारांच्या आसपास होते. प्रिया दत्त तरीही सुमारे ४२ हजारांनी पुढे राहतात. आणि मनसेचं प्रत्येक मत भाजपच्या अमराठी उमेदवाराला पडलं असतं हे गृहीत धरूनच ही बेरीज. तेव्हाच्या मुंबईत बाकी काही जागांवर तुमचं म्हणणं लागू पडेल, इथे नाही.

---

पक्का_गिरगावकर

बरं. इथे नाही.

---

खवचट

तारीख लिहून ठेवा कुणीतरी. आंतरजालावर माणूस चक्क 'बरं' म्हणाला.

---

कुर्लेकर

धाग्यात आतापर्यंत पार्ले, वांद्रे, पार्ले, वांद्रे चाललंय. कुर्ला, कलिना, चांदिवली ही काय भाड्याने आणलेली गर्दी आहे का? (हलके घ्या.)

पूर्वेकडून पाहिलं तर हाच मतदारसंघ वेगळा दिसतो. कुर्ला विधानसभा २००८च्या पुनर्रचनेपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मुस्लिम वस्ती मोठी, बौद्ध वस्ती मोठी, गिरणी आणि कारखान्यांच्या काळापासूनची मराठी कामगार कुटुंबंही आहेत. २००९ला राष्ट्रवादीचे मिलिंद कांबळे, नंतर सलग तीनदा मंगेश कुडाळकर. आधी सेना, मग शिंदेंची सेना.

कलिना-वाकोला भागात जुनी ईस्ट इंडियन ख्रिश्चन गावठाणं आहेत, उत्तर भारतीय मोठ्या संख्येने आहेत, विमानतळाच्या जमिनीवरच्या झोपडपट्ट्या आहेत. २००९ला कृपाशंकर सिंह आमदार होते, २०१४पासून संजय पोतनीस.

चांदिवलीत तर एकाच रस्त्याच्या एका बाजूला तरणतलाववाली संकुलं आणि दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावरच्या झोपड्या. दर पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती. २०१९ला काँग्रेसचे नसीम खान तिथे फक्त ४०९ मतांनी पडले.

या भागात मतदान कशावर होतं? पुनर्वसनातलं घर मिळणार का, पात्र-अपात्र यादीत नाव आहे का, मिठी नदीचं पाणी घरात येणार का. २६ जुलै २००५ला कुर्ल्यात आणि कलिन्यात पाणी कुठवर चढलं होतं ते इथल्या प्रत्येक घरात भिंतीवर हात लावून दाखवतात. पाली हिलवर त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही. कदाचित वीज गेली असेल.

---

रेवती_वांद्रे

@कुर्लेकर, शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. वांद्रे पश्चिम म्हणजे फक्त पाली हिल नव्हे. तिथेही कोळीवाडा आहे, गावठाणं आहेत, झोपडपट्ट्या आहेत, पागडीच्या मोडकळीला आलेल्या इमारती आहेत. त्यामुळेच तर तिथे बाबा सिद्दीकी १९९९, २००४ आणि २००९ असे तीनदा काँग्रेसकडून निवडून आले. २००९ला आशिष शेलार दोन हजारांच्या आत हरले. २०१४पासून शेलारच आहेत, सलग तीनदा. पण लोकसभेला २०२४मध्ये वांद्रे पश्चिमेने निकमांना दिलेली आघाडी किरकोळ होती. पार्ल्यासारखी एकगठ्ठा नाही. कॅथलिक, मुस्लिम, सिंधी, पंजाबी, गुजराती, मराठी, सिनेमावाले, सगळे एकाच वॉर्डात. इथे प्रत्येक निवडणुकीला बेरीज नव्याने मांडावी लागते.

'सधन उपनगर' म्हणून पार्ले आणि वांद्रे एका ओळीत बसवणं हीच पहिली गफलत. दोन्हीकडे पैसा आहे. राजकारण सारखं नाही.

---

जुना पार्लेकर

रेवतीताईंशी सहमत. पार्ल्याचं वेगळेपण कुठून आलं ते १९८७शिवाय कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर १९८७मध्ये विलेपार्ले विधानसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे विरुद्ध डॉ. रमेश प्रभू. प्रभूंच्या मागे शिवसेना होती. तोवर सेना म्हणजे मराठी माणूस, नोकऱ्या, दाक्षिणात्यांविरुद्धचं आंदोलन. पार्ल्यासारख्या मराठी-गुजराती मध्यमवर्गीय उपनगरात तेवढ्यावर भागणारं नव्हतं, गुजराती मतदार कसा येणार? बाळासाहेबांनी त्या प्रचारात उघड हिंदुत्वाच्या नावाने मतं मागितली. प्रभू निवडून आले.

कुंटे कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने १९८९मध्ये निवडणूक रद्द केली. धर्माच्या नावावर मतं मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरला. प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९५ला तिथेही हरले. न्या. जगदीशशरण वर्मा यांच्या पीठाचा हा तोच निकाल, ज्यातली हिंदुत्व ही जीवनपद्धती असल्याची टिप्पणी पुढे दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं वापरली. गंमत पाहा, ज्या निकालात प्रभूंची निवड रद्दच राहिली त्याच निकालाचा आधार घेऊन पुढे हिंदुत्ववादी प्रचाराचं समर्थन झालं. आणि याच प्रकरणात बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला.

माझ्या मते मुंबईच्या उपनगरांतली आजची युतीची मतपेढी (मराठी अधिक गुजराती) याच पोटनिवडणुकीत पहिल्यांदा एका छपराखाली आली. राज्याच्या राजकारणाला त्याचा अर्थ नंतर कळला. सेना-भाजप युती झाली १९८९ला.

अर्थात पार्ल्याने नंतरही २००९ला कृष्णा हेगडेंना, म्हणजे काँग्रेसला, निवडून दिलंच. पराग अळवणी २०१४पासून.

---

मधुरा_क

वाचनखूण साठवली. १९८७ची गोष्ट नुसती 'ठाकरेंची मतदानबंदी' एवढीच माहीत होती, ती पार्ल्याची हे आज कळलं.

---

वाकोलेकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट लक्षात आली. २००९च्या विधानसभेत या सहांपैकी पाच जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीकडे होत्या: पार्ले, चांदिवली, कलिना, वांद्रे पश्चिम काँग्रेसकडे, कुर्ला राष्ट्रवादीकडे. फक्त वांद्रे पूर्व सेनेच्या बाळा सावंतांकडे. २०१४ला या दोन पक्षांकडे मिळून उरली एक, नसीम खानांची चांदिवली. २००९च्या त्या चार काँग्रेस आमदारांपैकी तिघांनी पुढे पक्षच सोडला. मतदार बदलला की नेते बदलले, आधी काय झालं?

---

रेवती_वांद्रे

नेते. माझं स्पष्ट मत. २०२४च्या लोकसभेला काँग्रेसकडे या सहाही भागांत हक्काचा म्हणावा असा एकही आमदार नव्हता. वांद्रे पूर्वेचे झीशान सिद्दीकी कागदोपत्री काँग्रेसचे, पण वडील आधीच अजित पवारांकडे गेलेले. नसीम खान उमेदवारीवरून नाराज. उमेदवार धारावीची. आणि तरी साडेचार लाख मतं. म्हणजे मतदार जागेवरच होता.

---

बोरिवलीचा_पाहुणा

बाहेरून बघणाऱ्याचा प्रश्न: निकम हे जळगावचे, उमेदवारी शेवटच्या क्षणी, पूनम महाजनांचं तिकीट कापलेलं. तेच कारण नाही का? शिवाय श्रीमंत लोक मतदानाला उतरत नाहीत. २० मे सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून सगळे लोणावळ्याला.

---

आकडेमोड

लोणावळ्याचं स्पष्टीकरण दर पाच वर्षांनी येतं. २०२४च्या लोकसभेला सहांपैकी सगळ्यांत जास्त टक्केवारी विलेपार्ल्याची होती. सधन पट्टा घरी बसला म्हणून निकम पडले असं म्हणायला जागा नाही. पार्ल्याने त्याच्या बाजूने शक्य ते केलं.

उमेदवाराचा भाग मान्य, पण अर्धाच. पूनम महाजनांची २०१९ची मतं ४,८६,६७२ आणि निकमांची ४,२९,०३१, म्हणजे ५७ हजारांची घट. तिकडे काँग्रेसची मतं सुमारे ८९ हजारांनी वाढली. उमेदवार बदलल्याने घट कळते. वाढ कुठून आली? वांद्रे पूर्व आणि कलिना हे ठाकरेंच्या शिवसेनेचे गड. २०१९ला ती मतं पूनम महाजनांना होती, २०२४ला त्यातली बरीचशी पंजावर पडली. ठाकरेंचं घर, मातोश्री, वांद्रे पूर्वेतच आहे हे विसरू नका. तिथल्या मतदाराने २०१५च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या नारायण राणेंना पाडलं होतं. त्याच मतदाराने नऊ वर्षांनी काँग्रेसला आघाडी दिली.

---

कुर्लेकर

+१. आमच्या वस्तीतल्या शिवसैनिकाने आयुष्यात पहिल्यांदा पंजाचं बटण दाबलं. नंतर दोन दिवस कुणाशी बोलत नव्हता.

---

पक्का_गिरगावकर

मग सहा महिन्यांत काय झालं? नोव्हेंबरात हेच मतदार, हेच सहा भाग. पार्ले आणि वांद्रे पश्चिम भाजप, कुर्ला आणि चांदिवली शिंदेंची सेना, कलिना आणि वांद्रे पूर्व ठाकरेंची. काँग्रेस शून्य. तुमचा 'जागेवरचा मतदार' कुठे गेला?

---

वाकोलेकर (धागाकर्ता)

हा प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर: लोकसभेला सहा भागांची बेरीज होते, विधानसभेला होत नाही. लोकसभेला चांदिवलीतली काँग्रेसची आघाडी अगदी थोडी होती, ती उलटायला फार काही लागत नव्हतं. कुर्ल्यातली मोठी होती, तिथे मात्र कुडाळकरांचं वस्तीपातळीवरचं काम आणि लाडकी बहीण योजनेचे पैसे या दोन्हींनी फरक पाडला असं मला वाटतं. पार्ले, वांद्रे पश्चिम, कलिना, वांद्रे पूर्व हे चार तर मे महिन्यात ज्या बाजूला होते त्याच बाजूला नोव्हेंबरात राहिले. सहांपैकी दोनच सरकले आणि तेवढ्यानेच चित्र पालटलं.

---

जुना पार्लेकर

थोडं अवांतर, पण लोकसंख्येचा मुद्दा राहिला. २००८आधी मुंबई शहरात आणि उपनगरात विधानसभेच्या १७-१७ जागा होत्या. पुनर्रचनेनंतर शहरात १० राहिल्या, उपनगरात २६ झाल्या. तीही २००१च्या जनगणनेवर. २०११ला उपनगर जिल्हा ९३ लाख ५७ हजारांवर गेला आणि शहर जिल्हा ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आला. गिरगाव, परळ, लालबाग रिकामं होत उपनगरात आलं आणि तिथूनही पुढे दहिसर, ठाणे, वसईकडे सरकलं. पार्ल्यातही तेच. फनेल झोनमुळे (विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखालचा, उंचीवर बंधन असलेला पट्टा) विमानतळालगतच्या इमारतींना उंची मिळत नाही, पुनर्विकास अडतो, मुलं लग्न झाली की बाहेर पडतात. सोसायटीच्या सभेला आलेली डोकी मोजली तर पांढरीच जास्त निघतात. ज्या मतपेढीची आपण चर्चा करतोय तिचं सरासरी वय कुणी काढलं तर बरं होईल.

---

मधुरा_क

फनेल झोन हा पार्ल्यात, सांताक्रूझमध्ये प्रत्येक निवडणुकीतला कायमचा मुद्दा. सगळे उमेदवार आश्वासन देतात, पण विमानाच्या उतरण्याच्या मार्गापुढे आमदाराचं फारसं चालत नाही.

---

बोरिवलीचा_पाहुणा

नवीन जनगणना २०२७ला आहे. त्यानंतर मतदारसंघ पुन्हा बदलणार ना? मग ही सगळी चर्चा मोडीतच.

---

आकडेमोड

लोकसभेच्या राज्यवार जागांवर २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत घटनेने गोठवण लावलेली आहे. २०२७ची जनगणना त्यात बसते, त्यामुळे सीमा पुन्हा आखण्याचा रस्ता मोकळा होतो. पण आयोग नेमणं, मसुदा, हरकती, सुनावण्या यात वर्षं जातात. मागच्या वेळी कायदा २००२चा आणि अंमल २००८ला.

---

कुर्लेकर

आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असेल की कुर्ला राखीव राहतो का. राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात, आणि पुनर्वसनात इथली किती कुटुंबं माहूलला, मानखुर्दला हलवली गेली ते आम्ही पाहिलंय. मसुदा आला की हरकती घ्यायला आत्तापासून कागद जमवून ठेवा म्हणावं वस्तीत.

---

वाकोलेकर (धागाकर्ता)

@कुर्लेकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. वाकोल्यातूनही बरीच कुटुंबं हललीयत. ती आता कुठल्या यादीत आहेत ते शोधायला लागेल.